दिंडीच्या वहीत सरकारचं नाव कुठे लिहायचं?

वहीवाली:

नमस्कार मंडळी. प्रश्न २० हजार रुपयांचा आहे, पण तीन आठवडे डोक्यातून जात नाही म्हणून इथे टाकते.

मी कोरेगाव तालुक्यातली. अनुदानित हायस्कुलात ३१ वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले. आमची दिंडी लहान आहे, गेल्या वारीला १४० माणसं होती. माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून निघतो. हिशेबाची वही यजमानांकडे असायची, ते गेल्यावर माझ्याकडे आली. कुणी दिली असं नाही. ट्रंकेत सापडली आणि पुढच्या वारीला सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

वहीत जमेच्या बाजूला तारीख, देणाऱ्याचं नाव आणि काय दिलं, एवढेच रकाने. भिशी म्हणजे वारीतल्या जेवणाखाण्याची वर्गणी माणशी २,५०० रुपये, ती वेगळ्या पानावर. बाकी सगळं असं: "दोन पायली ज्वारी", "शेंगदाणे ४ किलो, घरचे", "गॅसची एक टाकी", "रुपये ५०१, नाव लिहू नका म्हणाले". सासूबाईंच्या वेळच्या एका पानावर "मळ्यातल्या बाई, ताक" एवढीच नोंद आहे. कुठला मळा, कोण बाई, काही नाही. पण नावाचा रकाना मोकळा सोडलेला नाही.

२०२४ च्या आषाढी वारीआधी शासनानं दिंड्यांना प्रत्येकी २० हजार रुपये अनुदान जाहीर केलं. लोकसभा नुकतीच झाली होती, विधानसभा नोव्हेंबरात व्हायची होती. त्या वर्षी आमचे कागद वेळेत गेले नाहीत, त्यामुळे प्रश्न आपोआप मिटला. आता पुन्हा विषय निघालाय. तरुण मुलं म्हणतात घेऊया. आमचे विणेकरी ७८ वर्षांचे आहेत. त्यांनी "बघा बुवा" म्हटलं आणि पान लावायला घेतलं.

मी गुणाकार-भागाकार करून बघितला. माणशी १४३ रुपये. त्याला अठरा दिवसांनी भागलं की दिवसाला आठ रुपयेही पडत नाहीत. टपरीवरचा कटिंग दहाला आहे. म्हणजे रकमेसाठी मी अडलेले नाही. अडलेय ते नावाच्या रकान्याशी. देणारा कोण लिहू? मुख्यमंत्री? त्यांच्या खिशातले नाहीत. महाराष्ट्र शासन? शासन म्हणजे कोण? मी कर भरते, म्हणजे थोडी मीही. मग स्वतःला स्वतःच दिलेलं जमेला कसं धरायचं?

आणि दुसरं. शाळेत संविधानाची उद्देशिका रोज म्हणून घेतली मी. त्यात धर्मनिरपेक्ष हा शब्द. मराठीच्या बाई रजेवर असल्या की त्यांचे तास माझ्याकडे यायचे, तेव्हा मुलांना निरपेक्ष म्हणजे "अपेक्षा न ठेवता" असं सांगायचे. मग राज्य आमच्याकडून काहीच अपेक्षा न ठेवता हे पैसे देतंय का? नसेल, तर तो शब्द आणि हे पैसे एका घरात कसे नांदणार? आणि खरंच काही अपेक्षा नसेल, तर आठ रुपये देण्याचा खटाटोप कशाला?

अनुभव सांगते. एका पुढाऱ्यानं मागे आम्हाला ताडपत्र्या दिल्या. त्यावर त्याचा हसरा फोटो, जवळजवळ एक माणूस झोपेल एवढा. मंडळींना लाज वाटली म्हणून फोटो खाली करून अंथरायला गेलो, तर पाणी न शोषणारी बाजू नेमकी फोटोचीच! पाऊस लागल्यावर काय करणार, त्याच्या चेहऱ्यावर झोपलो. सकाळी हरिपाठ म्हणताना पायाखाली त्याचे डोळे. तेव्हापासून मला "देणं" या गोष्टीची धास्तीच बसलीय.

भांडण नको. विचार करून सांगा.

कलम सत्तावीस:

ताई, कायद्यापुरतं सांगतो. तुमच्या मनातला प्रश्न घटनेच्या अनुच्छेद २७ मध्ये आहे. एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी म्हणून खास राखून ठेवलेला कर भरायची सक्ती कुणावर करता येत नाही. आता सर्वसाधारण करातून थोडी रक्कम एखाद्या धार्मिक कामाला गेली तर? हा प्रश्न हज अनुदानाच्या निमित्तानं सर्वोच्च न्यायालयात गेला होता. प्रफुल्ल गोराडिया खटला, २०११. न्यायालय म्हणालं की कराचा मोठा हिस्सा एका धर्मासाठी वापरला तर २७ चा भंग होईल, किरकोळ भाग गेला तर नाही. अनुदान टिकलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या खंडपीठानं तेच हज अनुदान दहा वर्षांत टप्प्याटप्प्यानं बंद करा असा आदेश दिला आणि २०१८ मध्ये केंद्रानं ते बंद केलं.

म्हणजे तुमचे २० हजार कायद्यात बसतील. पण यात एक गंमत बघा. गोराडियाचा निकाल तत्त्वाचा कमी आणि मापाचा जास्त आहे. किती घेतलं म्हणजे जास्त, एवढाच प्रश्न तिथे उरतो. तुम्ही गणिताच्या शिक्षिका असून तुमचा प्रश्न मात्र मापाचा नाही.

शब्दाचं म्हणाल तर उद्देशिकेच्या हिंदी पाठात "पंथनिरपेक्ष" आहे, मराठीत "धर्मनिरपेक्ष". १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आलेला शब्द. हिंदीवाल्यांना धर्म हा शब्द कर्तव्यासाठी शिल्लक ठेवायचा होता असं म्हणतात. आपण मराठीत तेवढा विचार केला नाही, किंवा केला आणि धीर दाखवला.

टँकर आला:

वहीवाली ताई, राग मानू नका. मी एका मोठ्या दिंडीत ट्रक आणि पाणी बघतो. तुम्ही वारीत सरकारचं काहीच घेत नाही का? टँकर कुणाचा? फिरती शौचालयं, अँब्युलन्स, दिवेघाटातला बंदोबस्त? मुक्कामाच्या गावची वीज? ते घेताना रकाना आठवत नाही. वीस हजार रोख आले की तत्त्वज्ञान सुचतं! तुम्ही तर ३१ वर्षं अनुदानित शाळेत होता. पगार कोण देत होतं?

वहीवाली:

पगाराचं लागलं हो. बरोबर बोललात.

टँकरचं मी असं बघते. वारीच्या रस्त्यावर कुणीही असेल त्याला ते पाणी मिळतं. वारकरी असो, भेळवाला असो, नुसता फोटो काढायला आलेला पुण्याचा मुलगा असो. लाखो माणसं रस्त्यावर आली की त्यांना पाणी आणि आडोसा देणं राज्याला भागच आहे, मग ती देवासाठी आलेली असोत की क्रिकेटसाठी. रोख रक्कम मात्र "तुम्ही दिंडी आहात म्हणून" मिळते. माणूस म्हणून आणि वारकरी म्हणून, यात फरक आहे असं मला वाटतं.

टँकर आला:

फरक कागदावर आहे. ती शौचालयं वारीसाठीच मागवलेली असतात, क्रिकेटसाठी नव्हे. आणि रोख आली तर आम्ही त्यातून टँकरच सांगणार. मग ते पाणी कुठल्या रकान्यात?

बसा खाली:

मदरशांना अनुदान चालतं तेव्हा हे प्रश्न कुठे असतात? हिंदूंनी घेतलं की लगेच संविधान!

वहीवाली:

माझ्या वहीत आमच्याच दिंडीची पानं आहेत हो. दुसऱ्यांच्या वह्या तपासायला मला कुणी दिलेल्या नाहीत.

महाद्वाराबाहेर:

मी जरा वेगळं बोलणार आहे. पैसे घ्या. जरूर घ्या, आणि पावती जपून ठेवा.

माझी आजी वारी करायची. तिच्या दिंडीची पंगत वेगळी बसायची आणि ते कुणाला खटकायचंही नाही. तिनं ते कधी तक्रार म्हणून सांगितलं नाही. "उन्हातून आलं की सावली कुठली का असंना" असं म्हणायची. मला ते आजही पचत नाही.

"राज्यानं देवापासून लांब राहावं" हे वाक्य ऐकायला स्वच्छ आहे. पंढरपुरात ते लावून बघा. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा अस्पृश्यांना विठ्ठलाचं दार उघडलं. पण दार उघडलं तरी आतला कारभार बडवे आणि उत्पात या वंशपरंपरेनं चालत आलेल्या पुजारी घराण्यांकडेच राहिला. १९७३ साली राज्यानं पंढरपूर मंदिरांचा कायदा केला. त्यावर खटले चालले ते २०१४ च्या जानेवारीपर्यंत. तेव्हा कुठे सर्वोच्च न्यायालयानं बडव्या-उत्पातांचा हक्क संपला असं सांगितलं. त्याच वर्षी मंदिर समितीनं पुजारी म्हणून सगळ्या जातींतून आणि बायकांकडूनही अर्ज मागवले. राज्य लांब राहिलं असतं तर हे कुणी केलं असतं? घटनाकारांनाही हे कळत होतं, म्हणून अनुच्छेद २५ मध्येच हिंदूंची सार्वजनिक देवळं सर्वांना खुली करण्याचा अधिकार राज्याला दिलाय. आपल्याकडची धर्मनिरपेक्षता हात बांधून लांब उभी राहणारी नाही. ती दार ठोठावते, प्रसंगी कडी तोडते.

उलटही आहे, तेही सांगतो. आषाढीला मुख्यमंत्री सपत्नीक महापूजा करतात. माझ्या करातूनच त्यांची गाडी पंढरपूरला जाते. तिथे राज्य दार ठोठावत नाही, गाभाऱ्यात बसतं. आमच्याकडे म्हातारी माणसं सांगतात की १९७० च्या सुमारास समाजवाद्यांनी आरडाओरडा करून सरकारी पूजा बंद पाडली आणि ७२ चा दुष्काळ पडला, म्हणून परत सुरू केली. खरं-खोटं देव जाणे. पण ही कथा टिकली कशी ते बघा. पाऊस न पडण्याचं कारण सरकारच्या पूजेत शोधायचं, कालव्यात आणि रोजगार हमीत नाही. कुठल्याही सरकारला याहून सोयीची गोष्ट कुठली?

म्हणून म्हणतो, पैसे घ्याच. शाळेला अनुदान आलं की मागून तपासणी येते. जात बघून कुणाला प्रवेश नाकारता येत नाही. दिंडीला अनुदान आलं तर मलाही विचारता येईल की तुमच्या चुलीवर कोण असतं? ताई, तुमच्या दिंडीत स्वयंपाक कुणी करायचा हे कोण ठरवतं?

वहीवाली:

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण द्यायची लाज वाटली.

स्वयंपाक ठराविक चार घरातल्याच बायका करतात. नियम म्हणून कुणी कधी बोललेलं नाही. भाज्या निवडायला सगळ्या असतात, पिठाला हात मात्र त्या चौघींचाच. पंगत एकच असते आमची, आणि त्याचा मला अभिमानही होता. एवढ्या वर्षांत परातीकडे माझं लक्ष गेलं नव्हतं.

पण एक विचारते. हे बदलायला २० हजार आणि त्यामागून येणारा तपासनीस लागत असेल, तर आम्ही वारी कशाला करतो?

महाद्वाराबाहेर:

तपासनीस न येता ७५ वर्षांत बदललं का?

नीरेकाठचा:

थोडं माझंही. नीरेत आमचं वेल्डिंगचं दुकान आहे, वडिलांच्या वेळचं. माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालतात, त्या दिवशी दुकानासमोर दिंड्यांच्या ट्रकांची रांग लागते. कुणाचा हूक तुटलेला, कुणाची शिडी. त्या दिवशी आम्ही पैसे घेत नाही. कुणाच्या वहीत आमचं नाव असेल तर "वेल्डिंगवाले" असंच असेल.

दरवर्षी कुणीतरी कॅमेरा घेऊन येतो आणि सलोख्याबद्दल बोला म्हणतो. मी आत जातो. हूक जोडणं ही बातमी झाली की पुढच्या वर्षी ते मला करावंच लागेल, आणि मग त्यातली मजा गेली.

२०२३ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली होती, २९ जून. आम्ही कुर्बानी दुसऱ्या दिवशी केली. तीन दिवस चालते, त्यामुळे धर्माला काही बाधा नव्हती. महाराष्ट्रात बऱ्याच गावांत तसंच झालं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नमाजनंतर चार माणसं बोलली आणि ठरलं. आता हेच जर तहसीलदाराचं पत्र येऊन झालं असतं, तर बकरा तोच, दिवस तोच, पण माझ्या घरात त्याचा अर्थ वेगळा झाला असता. मी पाळलंही असतं. फक्त पुढच्या वेळी ट्रकाचा हूक जोडताना मनात काहीतरी आलं असतं.

वर हजचा विषय निघालाय. २०१२ च्या निकालात न्यायालयानं कुराणातली आयत देऊन सांगितलं होतं की ज्याची ऐपत आहे त्याच्यावरच हज आहे. आयत बरोबर आहे. आमचे मौलानाही तेच सांगतात, अनुदान जास्त करून विमानाच्या तिकिटातच जायचं हेही खरं. पण ते मला मौलानानं सांगावं की न्यायाधीशानं? पैसे देणारा बंद करू शकतो, तो त्याचा हक्क. तुझा धर्म काय म्हणतो हेही तोच सांगायला लागला की मला खटकतं. महाद्वाराबाहेर दादांचं दुखणं मला समजतं, त्यांना आतून कुणी न्याय दिला नाही म्हणून त्यांनी बाहेरून मागितला. पण राज्य एकदा आत आलं की ते फक्त तुमच्या कामापुरतं थांबत नाही.

आणि ताई, त्या २० हजारांत माझ्याही जीएसटीचे चार-आठ आणे असतील. माझी हरकत नाही. विचारलं असतं तर जास्त बरं वाटलं असतं.

कलम सत्तावीस:

नीरेकाठच्यांनी गोराडिया निकालापेक्षा नेमकं सांगितलं. वकील माणूस आहे, कबूल करायला जड जातं.

एक भर घालतो. अनुदान नाकारणं हे दरवेळी तत्त्वच असतं असं नाही. शिवाजी महाराजांचा नजराणा तुकोबांनी परत पाठवला ही कथा आपण अभिमानानं सांगतो, पण घरात खाणाऱ्या तोंडांना त्या दिवशी काय वाटलं ते कथेत येत नाही. आणि वारीला राजाश्रय नव्हता असंही नाही. आजच्या पालखी सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा आरफळकर ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, आणि माउलींचे अश्व आजही अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात. सरदारांचा घोडा चालतो, मग शासनाचे पैसे का नाहीत?

वहीवाली:

घोड्याचं उत्तर मला येतंय असं वाटतं. शितोळ्यांचा घोडा दरवर्षी येतो, निवडणुकीच्या वर्षी जास्त घोडे येत नाहीत.

परवा बैठक झाली, ती सांगते. देवळात, हरिपाठानंतर. वीसेक माणसं होती. तुमचं सगळं मी माझ्या शब्दांत सांगितलं, जवळजवळ तास चाललं. "घेऊ नये" असं मी शेवटी म्हटलं. पुष्कळांनी माना डोलावल्या, मला बरंही वाटलं.

मग आमच्यातल्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या. शेतमजुरी करतात, भिशी तीन हप्त्यांत देतात, शेवटचा हप्ता कायम वारीनंतर येतो. त्या म्हणाल्या, "बाई, तुला पेन्शन हाय. तुला न्हाई म्हणाया काय जातंय?" आणि बसल्या. कुणीच काही बोलेना. पखवाजवाल्यानं उगाच वादी ओढली.

मंडळी, इथे कुणालाच हे सुचलं नव्हतं, मलाही नाही. माझ्या नकारामागे दर महिन्याच्या एक तारखेला सरकारच उभं असतं! हजला ऐपतीची अट आहे, वारीला नाही. भिशीची अट आम्ही घातली.

तेव्हा एका मुलानं तोडगा काढला. पैसे घेऊया आणि ज्यांना जमत नाही त्या आठ जणांची भिशी त्यातून वळती करूया. ८ गुणिले २,५००, बरोबर २० हजार. गणित इतकं चोख बसलं की मीच हो म्हणून गेले. पण त्या बाई पुन्हा उठल्या. "माझं नाव त्यात घालू नगासा. मी सरकारी वारकरी न्हाई व्हनार." मग तुम्हाला हवंय काय, असं कुणीतरी वैतागून विचारलं. तर म्हणाल्या, भिशी सगळ्यांचीच कमी करा, माणशी १४३ नं. कुणाला कळायला नको कुणासाठी आले ते.

तसं ठरलं आहे. अर्ज करायचा. भिशी यंदा २,३५७ रुपये. सुट्ट्यांचा घोळ होणार, त्यावरही वाद झालाच, शेवटी २,३६० केली. वरचे तीन रुपये कुठे जमा धरायचे ते मी बघेन. विणेकऱ्यांनी एवढंच विचारलं, "फोटो लावावा लागंल का?" नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

चुलीचा विषय मी काढला. नीट काढता आला नाही. "ह्या वारीला दोन बायका नव्या घ्या परातीला" इतकंच बोलले, कारण सांगितलं नाही. चौघींपैकी एकीनं "बघू" म्हटलं, दुसरीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. महाद्वाराबाहेर, तुम्हाला हे पुरेसं वाटणार नाही. मलाही वाटत नाही.

नावाच्या रकान्यात तूर्त पेन्सिलीनं "शासन" लिहिलंय.

आता एक कामाचं विचारते. आमची दिंडी नोंदवलेली नाही आणि बँकेत खातंही नाही, आजवर सगळं पत्र्याच्या डब्यात चालायचं. दिंडीच्या नावानं खातं कुणी काढलंय का? बँकवाले काय काय मागतात? विणेकऱ्यांच्या आधार कार्डावर जन्मसाल चुकलेलं आहे, त्यानं काही अडेल का?